कुणाचा किती भार?

एप्रिल सरता सरता तेरवाडच्या बंधाऱ्यावर उभं राहिलं की पंचगंगा दिसत नाही. वरच्या अंगाला या काठापासून त्या काठापर्यंत केंदाळ माजलेलं असतं आणि त्यावरून बगळे आरामात चालत असतात. खालच्या अंगाला बरग्यांच्या फटींतून निसटलेलं काळपट पाणी खडकावर पडतं आणि पिवळट फेस धरतं. वासाबद्दल लिहायला नको, शिरोळ तालुक्यात तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दुधाचे कॅन लावलेली एक मोटरसायकल माझ्याजवळ थांबली. "फोटू काढायला आलायसा व्हय?" चालवणाऱ्या काकांनी विचारलं. "मासं मेल्यावर यायचं. आत्ता मरायला मासंच न्हाईत."

यंदाच्या अंकाचा विषय 'हिशोब'. पैशाचा सोडून कुठलाही चालेल, असं संपादकांनी बजावलं होतं. मी या नदीतल्या घाणीचा हिशोब मागायला निघालो.

मागायचा कुणाला, इथपासूनच अडचण. नरसोबाच्या वाडीत विचारलं तर लोक इचलकरंजीकडे बोट दाखवतात. इचलकरंजीत विचारलं तर कोल्हापूरकडे. कोल्हापुरात जयंती नाल्याची कबुली मिळते, पण लगेच साखर कारखान्यांची मळी आणि काठच्या गावांचं सांडपाणी पुढे केलं जातं. गावात गेलं तर सरपंच म्हणतात, आमच्या हजार उंबऱ्यांनी काय होणार? यातलं एकही उत्तर खोटं नाही. प्रत्येकानं फक्त आपला आकडा वगळून सांगितलेला असतो.

नमुना काय सांगतो, काय नाही

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणी दर महिन्याला पाण्याचे नमुने घेतं. त्यात एक आकडा बीओडीचा. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातील, त्याचं हे माप. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वांत जास्त. कोल्हापूर ते शिरोळ ही पंचगंगा त्यात आहेच.

बाटलीतला नमुना सांगतो की अमुक दिवशी अमुक जागी पाणी किती खराब होतं. ते कुणामुळे, हे तो सांगत नाही. शिवाय नदीला लिटरमागचे मिलिग्रॅम सोसावे लागत नाहीत, सोसावे लागतात ते किलो. एक दशलक्ष लिटर पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे बरोबर एक किलो. कोल्हापूर शहराच्या कसबा बावड्यातल्या सांडपाणी प्रकल्पाची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटरची. समजा तेवढं सगळं पाणी नीट शुद्ध होऊन १० मिलिग्रॅमवर आलं, तर नदीत दिवसाला ७६० किलो भार जातो. आणि समजा पंप बंद पडले, नाला ओसंडला आणि २०० मिलिग्रॅमचं तेच पाणी जसंच्या तसं नदीत गेलं, तर १५ टनांवर. एका दिवसाचा बिघाड वीस दिवसांच्या चोख कामाएवढा पडतो. महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यात तो दिवस सापडला तर नशीब.

या जिल्ह्यात ही गोष्ट समजावून सांगायला वेळ लागू नये. गावची दूध संस्था प्रत्येकाच्या किटलीचं फॅट वेगळं लावते, लिटर वेगळे मोजते, आणि त्या दोहोंवर बिल निघतं. नदीच्या बाबतीत आपण फक्त टँकरमधलं दूध चाखतो आणि नासलंय म्हणून ओरडतो.

रेषा आखणारा संगणक

कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पीएच.डी. करणारी एक मुलगी या किटल्या वेगळ्या करायच्या खटपटीत आहे. तिच्या पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा होता. उंचसखलपणाची माहिती फुकटात मिळते, २००० साली अमेरिकेच्या एंडेव्हर अवकाशयानानं रडारनं मोजलेली. तिनं नरसोबाच्या वाडीच्या संगमाजवळ एक ठिपका ठेवला आणि विचारलं, इथं येणारा थेंब कुठून कुठून येऊ शकतो? थोडा वेळ चक्र फिरलं आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावरून एक नागमोडी रेषा उमटली. तिच्या आत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. पंचगंगेतली पाचवी, गुप्त सरस्वती, संगणकालाही सापडली नाही. साधारण अडीच हजार चौरस किलोमीटरचं हे पाणलोट क्षेत्र, आणि सगळ्याचा निचरा त्या एका ठिपक्यातून.

महाराष्ट्राला पाणलोट म्हटलं की समतल चर, नालाबंडिंग आणि माथा ते पायथा आठवतं. आपण तो आजवर पाणी अडवायला वापरला. इथं त्याच रेषेत घाणीचा माग काढायचा आहे.

तिचं सॉफ्टवेअर 'स्वॅट' नावाचं. अमेरिकेच्या कृषी खात्याचे जेफ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमध्ये ते १९९०च्या दशकात उभं केलं, आणि ते कुणालाही मोफत वापरता येतं. ते पाणलोटाचे तुकडे पाडतं. माती एक, उतार एक, वापर एक अशी जमीन एका तुकड्यात. भोगावतीकाठचं काळं रान आणि वर ऊस हा एक तुकडा, गगनबावड्याकडची तांबडी माती आणि जंगल हा दुसरा, कोल्हापूर शहराचं काँक्रीट तिसरा. मग प्रत्येक तुकड्यावर रोजचा पाऊस पाडायचा. किती मुरला, किती उडून गेला, किती वाहिला, वाहताना किती माती, किती नत्र, किती स्फुरद घेऊन गेला, हे समीकरणांनी काढायचं आणि ओढ्याओढ्यानं खाली आणायचं. नाल्यांचं सांडपाणी त्यात जागोजागी वेगळं मिसळायचं.

समीकरणं ऐकायला वाटतात तेवढी गहन नाहीत. पाऊस पडल्यावर किती पाणी वाहून जाईल हे ज्या पद्धतीनं काढतात ती अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यानं १९५०च्या दशकात शेतावर मोजमापं घेऊन बसवलेली आहे. प्रत्येक जमिनीला शंभरपैकी एक अंक. काँक्रीटला ९८, दाट जंगलाला त्याच्या कितीतरी खाली. बाकी सगळा प्रश्न अंक खरे भरण्याचा.

तिथंच तिची दमछाक होते. मातीचे नकाशे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोचे, ते चांगले आहेत. पावसाची हवामान खात्याची तयार आकडेवारी पाव अंशाच्या चौकोनांत येते, म्हणजे चौकोनाची एक बाजू पंचवीस-सत्तावीस किलोमीटरची. आणि हा जिल्हा कसा? गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो, तिथून शंभरेक किलोमीटरवर शिरोळला पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यावरून वीस किलोमीटर खाली आलं की पाऊस निम्म्यानं उतरतो. एका चौकोनाला एकच पाऊस दिला तर कुंभी कोरडी आणि कळे जलमय. म्हणून ती धरणांवरच्या पर्जन्यमापकांचे आकडे हातानं भरते. उसाचं दुखणं आणखी वेगळं. "टेक्सासच्या लोकांच्या डोळ्यांपुढं आडसाली नव्हता, सर," ती हसत म्हणाली. सतरा-अठरा महिन्यांचं पीक, त्यामागून खोडवा, म्हणजे वेळापत्रक वर्षाच्या हिशोबात बसतच नाही.

सगळं भरून झालं की मॉडेलचं उत्तर आणि नदीवर खरोखर मोजलेला प्रवाह शेजारी शेजारी ठेवायचे. केंद्रीय जल आयोगाचं मापनकेंद्र तेरवाडलाच आहे. जुळत नसेल तर अंक थोडे इकडेतिकडे करायचे, पुन्हा चालवायचं. मग काही वर्षं मुद्दाम झाकून ठेवायची आणि ती मॉडेलला ओळखायला लावायची. पूर्ण जुळलं तर गुण १, आणि ०.५च्या वर गेलं की साधारण पास. पाण्याच्या बाबतीत हे जमतं, कारण प्रवाह रोज मोजलेला असतो. नत्र-स्फुरदाच्या बाबतीत महिन्याकाठी एक ठिपका, तोही बहुतेक उघडिपीतला. भार मात्र वाहतो पुरात.

शेताचा पाइप कुणाला दिसतो?

वर्तमानपत्रात पंचगंगेचे जे फोटो छापून येतात त्यात नाला असतो, फेस असतो, मेलेले मासे असतात. ऊस कधी नसतो. हिरवागार ऊस हा प्रदूषणाचा फोटो होऊच शकत नाही.

आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. एकरी १६० किलो. सगळं युरियातून द्यायचं ठरवलं तर ४५ किलोच्या आठेक पिशव्या, आणि शिफारशीवर थांबणारा शेतकरी मला तरी कमी भेटला. "टनेज पायजे तर हात सैल सोडाय लागतोय," हे वाक्य शिरोळ-हातकणंगल्यात कुठंही ऐकायला मिळेल. पाटपाणी रानभर सोडलं की पिकानं न घेतलेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतं. विहिरीत जातं, ओढ्याच्या झऱ्यात जातं, आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी नदीत येतं.

शिरोळमध्ये तर याच्यावर एक कडी आहे. अतिपाण्यानं इथली हजारो एकर जमीन क्षारपड झाली. पांढरी पडलेली रानं आणि मधेच वेडी बाभळ, हे चित्र तालुक्यात नवीन नाही. त्यावर उपाय निघाला आणि तो लागूही पडला. जमिनीत चार-पाच फुटांवर सच्छिद्र पाइप टाकायचे, त्यातून खारं पाणी निथळून ओढ्याला काढायचं. कुरुंदवाडजवळ एका शेतकऱ्यानं मला त्याच्या पाइपचं तोंड दाखवलं. मनगटाएवढा प्लॅस्टिकचा पाइप, त्यातून स्वच्छ दिसणारी धार अखंड ओढ्यात पडत होती. काठावर पांढरा थर जमलेला. पाच वर्षांपूर्वी या रानात काही उगवत नव्हतं, आता ऊस उभा आहे, आणि त्याच्या बोलण्यात त्याचा अभिमान होता. तो असायलाच हवा. ती धार कुठं जाते, हे मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं, "ओढ्याला. ओढा नदीला." रान बरं करणारा पाइप नदीला क्षार आणि नायट्रेट पोचवतो. याचा पंचनामा करायला कुणी येणार नाही, आणि येऊही नये. पण हिशोबात ती धार धरावी लागेल, आणि ती धरण्याचं मॉडेलशिवाय दुसरं साधन मला दिसत नाही. असे पाइप हजारोंनी असतील तर प्रत्येकाखाली बाटली कोण धरणार?

मॉडेलचा खरा उपयोग मला इथं वाटतो. नळकांड्यातून येणारी घाण शोधायला संगणक लागत नाही, एक चप्पल घातलेला माणूस पुरतो. जी घाण फोटोत येत नाही, तिला आकडा द्यायला तो लागतो.

बरगे

पंचगंगेच्या मॉडेलमध्ये एक खास कोल्हापुरी गाठ आहे, आणि ती या नदीवर ठायी ठायी मारलेली आहे. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. साऱ्या देशात 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणून ओळखले जातात ते हे बंधारे. पावसाळा संपला की खांबांमधल्या खाचांत बरगे (आडव्या फळ्या) घालायचे, पाणी तुंबवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर काढायचे. कल्पना साधी, स्वस्त आणि या जिल्ह्याची शेती तिच्यावर उभी. त्यामुळे ऑक्टोबर ते मे ही नदी नदी नसते, एकापुढे एक मांडलेली तळी असतात.

नदीतल्या प्राणवायूचं पहिलं गणित १९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी ओहायो नदीवर मांडलं. आजही प्राणवायूची बहुतेक नदी-मॉडेलं त्याच्यावरच उभी आहेत. घाण पडली की जिवाणू प्राणवायू खायला लागतात, दुसऱ्या बाजूनं हवेतून पाण्यात तो मिसळत असतो. सुरुवातीला खाणं जास्त, म्हणून प्राणवायू उतरत जातो. पुढे घाण संपत आली की पुन्हा चढतो. सगळ्यात खालचा बिंदू घाण पडते तिथं येत नाही, बराच पुढे येतो. म्हणजे मासे जिथं मेले, गुन्हेगार तिथला असेलच असं नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

पण ओहायो वाहती होती. हवा मिसळायची तर पाणी खळाळायला हवं. तुंबलेल्या पाण्यात ती फार हळू मिसळते, वर केंदाळाचं झाकण असेल तर आणखी कमी. मे महिन्यातल्या कोमट पाण्यात मुळात प्राणवायू मावतोच लिटरला साडेसात-आठ मिलिग्रॅम. तेवढ्या शिलकीवर बंधाऱ्यामागचा डोह रात्र काढतो. पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मेलेले मासे सकाळी दिसतात ते त्यामुळे.

मग ओरड होते आणि 'वरनं पाणी सोडा' अशी मागणी येते. राधानगरीतून पाणी सुटतं. पावसाळ्यात धरणाचं एक स्वयंचलित दार उघडलं की १४२८ क्युसेक पाणी येतं, दिवसाला साडेतीन हजार दशलक्ष लिटर. त्यापुढे शहराचं सांडपाणी किरकोळ. उन्हाळ्यातला विसर्ग इतका नसतो. तो घाण पातळ करतो हे खरं, पण रुईचा डोह तेरवाडला आणि तेरवाडचा शिरोळला सरकवतो हेही खरं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे निघतात तेव्हा आठ महिने तळाशी बसलेला काळा गाळ पहिल्या पाण्याबरोबर एकदम उठतो. जूनमधल्या पहिल्या पावसात, जेव्हा कुणालाही वाटेल की आता नदी धुऊन निघेल, तेव्हाच कधी कधी मासे वर येतात.

त्या विद्यार्थिनीनं हे सगळे बंधारे मॉडेलमध्ये छोटे जलाशय म्हणून घातलेत. बरगे नेमके कोणत्या तारखेला घातले आणि काढले, हे तिला पाटबंधारे खात्यापेक्षा गावच्या पाणी संस्थांकडून जास्त नेमकं कळलं. इचलकरंजीच्या बंधाऱ्यावर मी तिच्याबरोबर गेलो तेव्हा तिथल्या मुकादमांनी चारच वाक्यांत जी माहिती दिली ती कुठल्याही नकाशात नव्हती. कोणत्या गाळ्याचे बरगे गळतात, उपसाबंदी लागली की रात्री कोण मोटर चालू करतं, केंदाळ कोणत्या वाऱ्याला कोणत्या काठाला लागतं. तिनं वहीत लिहून घेतलं.

चेसापीकचं पथ्य

असल्या मॉडेलवर एखाद्या देशानं खरोखर कारभार चालवून पाहिला आहे का? पाहिला आहे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीकच्या उपसागरात. तिथली कालवं आणि निळे खेकडे प्रसिद्ध. दर उन्हाळ्यात उपसागराच्या तळाचा प्राणवायू संपतो, कारण वरून नत्र-स्फुरद येतं, शेवाळ माजतं आणि कुजतं. पाणलोट १ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा. त्यात सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन.

१९७०च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी काही एकरांच्या शेडमध्ये या उपसागराची काँक्रीटची प्रतिकृती बांधली होती. आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळेत जी परंपरा आहे, तीच. पण काही वर्षांतच संगणकानं त्या शेडला मागं टाकलं. मॉडेल सुधारत सुधारत २०१०च्या डिसेंबरात तिथल्या पर्यावरण संस्थेनं उपसागराला पथ्य लावलं. वर्षाला नत्र १८ कोटी ५९ लाख पौंडांच्या वर नको. स्फुरद १ कोटी २५ लाख पौंड. मग हा आकडा राज्यांत, नद्यांत, सांडपाणी प्रकल्पांत आणि शेतांत वाटून दिला. वाटणी मॉडेलनं सुचवली.

पेनसिल्व्हेनियाला उपसागराचा किनाराच नाही. पण उपसागरात येणारं निम्मं गोडं पाणी तिथून उतरणाऱ्या सस्क्वेहाना नदीचं, म्हणून सर्वांत मोठा वाटा तिच्या शेतकऱ्यांच्या अंगावर आला. शेतकरी संघटना कोर्टात गेल्या. २०१५ साली अपील न्यायालयानं पथ्य वैध ठरवलं, २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं हात घालायला नकार दिला. मॉडेलही अडखळलं. सस्क्वेहानावरचं कोनोविंगो धरण १९२८पासून गाळ अडवत होतं. ते गाळानं भरेल हे माहीत होतं, पण ते इतक्या लवकर भरत आलं की हिशोब पुन्हा मांडावा लागला आणि तो जादा बोजा कुणी उचलायचा यावर पुन्हा भांडण. २०२५ ही ठरवलेली मुदत. सांडपाणी प्रकल्पांनी आपला वाटा बऱ्यापैकी उचलला, शेतीचा राहिला.

हे अपयश म्हणून सांगणारे अमेरिकेतही पुष्कळ आहेत. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते: पंधरा वर्षं सहा राज्यं भांडली ती एकाच आकड्यावर. 'तुमचा आकडा चुकीचा' म्हणायचं तर आपला मोजून आणावा लागत होता.

इचलकरंजीचं पाणी

आपल्याकडे भांडण कशावर होतं ते पाहा. इचलकरंजी पंचगंगेच्या काठावर वसलेली. यंत्रमागांचं, सायझिंगचं, कापडावरच्या प्रक्रियेचं गाव. २०१२च्या उन्हाळ्यात इथं काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली. पंचगंगेच्या प्रदूषणाची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गाजली. दारातली नदी प्यायच्या लायकीची राहिली नाही म्हणून शहरानं कृष्णेतून पाणी आणलं. ते पुरेना म्हणून वारणेवर दानोळीतून आणायचं ठरलं, तर वारणाकाठ उभा राहिला. मग दूधगंगेवर सुळकूडमधून, तर कागलकडची मंडळी रस्त्यावर आली. 'आधी तुमची पंचगंगा साफ करा,' हे वाक्य दोन्ही ठिकाणी ऐकू आलं. ते चुकीचं नाही. पण साफ करायची म्हणजे इचलकरंजीनं किती किलो, कोल्हापूरनं किती, उसानं किती, हा कागद कुणाच्याच हातात नाही. त्यामुळे मोर्चा निघतो, बैठक होते, समिती नेमली जाते आणि पाइपलाइनचा नवा आराखडा येतो.

कुरुंदवाडच्या एका पाणी संस्थेच्या ऑफिसात त्या विद्यार्थिनीनं आपले नकाशे दाखवले. आठ-दहा सभासद, भिंतीवर दत्तगुरूंचा फोटो, चहा. तिनं आधीच सांगितलं की नत्राचे आकडे कच्चे आहेत. पुरात नमुने घेता आले तर पक्के होतील, त्यासाठी ओढ्याच्या तोंडावर कुणीतरी बाटली भरून द्यायला हवी. लाल रंगाचे तुकडे म्हणजे जास्त भार सोडणारे, आणि त्यातले काही समोर बसलेल्यांच्याच शिवारात होते. मला वाटलं आता वादावादी होणार.

एक वयस्कर सभासद बराच वेळ नकाशाकडे बघत होते. "पोरी, बाटली आमी भरून देतो," ते म्हणाले. "सोळा ओढं हाईत, सोळा माणसं नेमू. पन तसली बाटली वर कसबा बावड्यात कोण भरणार, ते आधी लिहून आण."

तिनं तेही वहीत लिहून घेतलं. बाटल्यांवर चिकटवायची लेबलं पावसात टिकतील का, यावर मग बराच वेळ चर्चा झाली. शेवटी दूध संस्थेत सँपलच्या बाटल्यांवर लिहायला वापरतात तो मार्कर आणायचं ठरलं.